क्लच झटकन पकडतोय? प्लेटांच्या पलीकडं बघा

बाईकला नव्या क्लच प्लेटा घालूनसुद्धा क्लच सोडताना गाडी उडी मारते म्हणताय, मग क्लच हाऊसिंग (प्लेटा बसतात ती वाटी) बघितलं काय? माझ्या जुन्या 100 सीसीचं हेच होतं, बेळगावात खानापूर रोडला तिसऱ्या रेल्वे गेटजवळ ट्रॅफिकात लिव्हर सोडला की गाडी बेडकागत पुढं, मागं बसलेल्या बायकोचं हेल्मेट दोनदा माझ्यावर आपटलं (घरी जाऊन काय ऐकलं ते सोडा). क्लचची वायर सुकलेली, तेल सोडल्यावर लिव्हर हलका झाला खरं झटका तसाच. उघडलं तर हाऊसिंगच्या बोटांवर (काठाच्या उभ्या पट्ट्यांवर) प्लेटांनी खाचा पाडलेल्या, नख फिरवलं की अडकायचं, प्लेट तिथंच अडकून मग एकदम सुटते की हो. बारीक कानशीनं हलकं घासलं, गेलं. खाचा खोल असल्या तर हाऊसिंगच बदला. आणि प्लेटा इंजिन ऑइलमध्ये भिजवून घातल्या ना, का कोरड्याच?