बायकांची रिंग, ट्रान्स खेळाडू आणि वड्याचं तेल वांग्यावर

ठोसेबाज (धागाकर्ता)

एक पोस्ट सकाळपासून फिरतेय: 'पॅरिसमध्ये पुरुष बाई बनून उतरला, 46 सेकंदांत इटलीच्या मुलीला रडवलं, हे ट्रान्सवाल्यांच्या समानतेचं फळ.' तिथं दोन ओळी लिहायला घेतल्या आणि त्या लांबल्या, म्हणून इथं धागा.

पोस्टमधली ती बॉक्सर म्हणजे अल्जीरियाची इमान खेलिफ, आणि ती ट्रान्स नाही. जन्मापासून मुलगी म्हणून नोंद, वाढलीही मुलगी म्हणूनच. टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत केली हॅरिंग्टनकडून हरली, तेव्हा कुणाला तिचं नावही माहीत नव्हतं. तैवानची बॉक्सर लिन यू-तिंग, तिचीही जन्मापासून नोंद मुलगी म्हणूनच. मार्च 2023 मध्ये दिल्लीच्या जागतिक स्पर्धेत आयबीएनं, म्हणजे तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेनं, दोघींना बाद केलं, जूनमध्ये ऑलिंपिक समितीनं आयबीएचीच मान्यता काढली. पॅरिसची बॉक्सिंग समितीनं स्वतः चालवली आणि निकष ठेवला पासपोर्टचा. निकष ढिला होता म्हणा, मीही म्हणतो. पण लिंगबदल कुणी केलाच नाही तर त्याचं फळ कुठून आलं?

ट्रान्सचा खरा दाखला हवा तर फॅलन फॉक्स घ्या. अमेरिकेची, खेळ एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी पिंजऱ्यातली लढत. शस्त्रक्रिया 2006 ची, जगाला कळलं 2013 मध्ये. 13 सप्टेंबर 2014 ला टॅमिका ब्रेंट्सशी लढत: पहिल्या फेरीत 2 मिनिटं 17 सेकंदांत पंचांनी थांबवली. ब्रेंट्सच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं, मेंदूलाही मार बसला.

माझं मत: पुरुष म्हणून वयात येऊन गेलेल्यांनी बायकांच्या ठोशांच्या खेळात उतरू नये. टेस्टोस्टेरॉनचा आकडा भलतीच गोष्ट मोजतो. यूएसए बॉक्सिंगनं 2024 मध्ये ट्रान्स बायकांसाठी लावलेला नियम बघा: शस्त्रक्रियेनंतर 4 वर्षं, दर तिमाहीला रक्त, लिटरमागं 5 नॅनोमोलच्या खाली. बायकांची नेहमीची पातळी 2.4 च्या आसपास संपते, म्हणजे दुप्पट सूट. पण समजा शून्यावर आणली, तरी हाताची लांबी, खांद्याची रुंदी, मनगट, जबडा यातलं काय आखडतं? ठोसा मुठीत जन्मत नाही. मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, कंबर फिरते, खांदा येतो, मूठ सगळ्यात शेवटी. तरफा लांब त्या लांबच. स्नायूसुद्धा पहिल्या वर्षात जेमतेम 5 टक्के उतरतात.

सावळागोंधळ

फॉक्सची निम्मीच गोष्ट सांगितलीत. एकूण लढती सहा. ऑक्टोबर 2013 मध्ये अॅश्ली इव्हान्स-स्मिथनं तिला तिसऱ्या फेरीत ठोकून काढलं. तिसऱ्याच फेरीत का? संप्रेरकं बदलली की हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत बायकांच्या पातळीवर येतं. दम आधी जातो, स्नायू मागून.

आणि खोबणीचं हाड बाई-बाई लढतीतही मोडतं. एमएमएचे ग्लोव्हज 4 औंसांचे, बोटं उघडी. बॉक्सिंगचे 10 औंसांचे, वर ऑलिंपिकमध्ये बायकांना हेडगार्ड. दोन खेळ एका टोपलीत घालून हाडं मोजू नका.

ठोसेबाज

एका पराभवावरून दमाचा सिद्धांत? मग मी एका खोबणीवरून काढला तर चूक कशी? अहो, तिसऱ्या फेरीत दमतात सगळेच.

अंकगणित

युटा विद्यापीठाचा 2020 चा प्रयोग कुणी आणत नाही म्हणून आणतो. ठोशासारख्या हालचालीत पुरुषांची ताकद सरासरी 162 टक्के जास्त. सगळ्यात कमजोर पुरुषही सगळ्यात ताकदवान बाईच्या वर. विषय संपला.

सावळागोंधळ

संपला कसला, अजून फेरी सुरूही नाही. तो प्रयोग हातानं फिरवायच्या चाकावरचा, ठोसापिशवीवरचा नाही. माणसं एकोणचाळीस, त्यात ट्रान्स एकही नाही, बॉक्सरही नाहीत. पुरुष बायकांपेक्षा जोरात चाक फिरवतात हे सांगायला युटा कशाला, आपल्या गावची विहीर पुरे. प्रश्न चार वर्षं औषधं घेतलेल्या शरीराचा आहे. त्याबद्दल तुमच्या चाकाकडं काही आहे?

वजनकाटा

तुम्ही सगळे भलतीकडं भांडताय. घोडं पेंड खातंय ते वजनगटात. 'वजन सारखं म्हणजे लढत बरोबरीची' हीच थाप आहे.

60 किलोचे दोन देह घ्या. एकीच्या अंगात चरबी 18 टक्के, दुसऱ्याच्या 10. पहिलीकडं चरबी सोडून 49.2 किलो, दुसऱ्याकडं 54. काट्यावर दोघं सारखे, रिंगमध्ये पावणेपाच किलोंचा फरक. आणि पुरुषांत तो फरक जास्त करून कंबरेच्या वर बसतो.

त्यात एमएमएचं वजन आदल्या दिवशी. आठवडाभर रोज सहा-सात लिटर पाणी, मीठ बंद, भात-पोळी बंद, कारण साठलेली साखर एका ग्रॅममागं तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. शेवटच्या दिवशी पाणी तोडायचं, गरम टबमध्ये वीस-वीस मिनिटं. काट्यावर 66 आणि पिंजऱ्यात 71. वजनगट म्हणजे काय, तर सुकून कोण वजन जास्त उतरवून दाखवतो याची स्पर्धा. मोठा सांगाडा यात नेहमी पुढं.

सावळागोंधळ

उलट. सांगाड्याचंही वजन काट्यावर चढतं! हाडं जड आणि स्नायू औषधानं उतरलेले, तर त्याच 60 मध्ये इंजिन लहान बसणार. हा तोटा कुणी मोजत नाही.

अंकगणित

आणि वजनकाटा, ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं. तिथं तुमचा टब चालत नाही.

वजनकाटा

चालत नाही? पॅरिसमध्ये 50 किलोच्या गटात उतरलेल्या विनेश फोगटला विचारा! कुस्तीतही सकाळीच असतं. पहिल्या दिवशी 49.9. तीन लढती, मधे पाणी, थोडं खाणं, संध्याकाळी 52.7. रात्रभर सॉना, धावणं, घोटभर पाणी नाही, केस कापले, आणि सकाळी 50.1. दुसऱ्या दिवशीच्या वजनाला मिळतात पंधरा मिनिटं. 100 ग्रॅमसाठी अंतिम फेरी गेली, आदल्या दिवशीच्या तिन्ही विजयांवर पाणी, क्रमवारीत तळाला. सकाळी वजन घेतलं म्हणून सुकवणं थांबत नाही, फक्त भरून काढायला वेळ उरत नाही. सुकलेल्या अंगानं डोक्यावर ठोसे खाणं याला सुरक्षा म्हणता?

ठोसेबाज

साहेब, धागा विनेशचा नाही.

वजनकाटा

धागा सुरक्षेचा आहे ना? जगभर शेकडो मुली दर महिन्याला सुकून रिंगमध्ये उतरतात, त्यावर कुणी ओरडत नाही. ट्रान्स म्हणून एमएमएत उतरलेल्या आणि सगळ्यांना नावानं माहीत असलेल्या दोन: फॉक्स आणि 2021 मध्ये मायामीत एक लढत जिंकलेली अॅलाना मॅकलॉफ्लिन. ओरडा मात्र त्यांच्याचवर. साप समजून भुई धोपटणं चाललंय.

अंकगणित

दोनच आहेत म्हणून नियम नको? मांजा एकाचाच गळा कापेल म्हणून विकू द्यायचा? आणि हे तृतीयपंथी लोक स्वतःचा वेगळा गट का करत नाहीत?

पंचनामा

आधी शब्द नीट वापरा. फॉक्स ट्रान्स स्त्री आहे, 'तृतीयपंथी' ही सगळ्यांना कोंबायची गोणी नव्हे. आणि दोघींच्या गटात वजनगट कसे पाडणार तेही सांगा.

आता मुद्दा. वर्ल्ड बॉक्सिंगनं, म्हणजे बॉक्सिंगच्या नव्या जागतिक संघटनेनं, 2025 मध्ये बायकांच्या गटात उतरणाऱ्यांना एकदाच एसआरवाय जनुकाची चाचणी लावली; हे जनुक एरवी पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर असतं. गालाच्या आतून बोळा फिरवायचा, पीसीआर करायचं. ऐकायला सोपं. पण नमुना हाताळणारा पुरुष असेल आणि त्याच्या पेशी नळीत गेल्या तर चाचणी खुशाल 'आहे' म्हणते. म्हणून सोबत कोरा नमुना चालवावा लागतो आणि 'आहे' आलं की नव्या नमुन्यावर पुन्हा. शिवाय जनुक असणं म्हणजे ते काम करणं नव्हे. अटलांटात 1996 मध्ये 3387 बायका तपासल्या, आठजणींत एसआरवाय निघालं. सातजणींचं शरीर टेस्टोस्टेरॉनला पूर्ण किंवा अर्धवट दाद न देणारं. आठहीजणींना खेळू दिलं, आणि 1999 मध्ये समितीनं सरसकट तपासणीच बंद केली.

2025 च्या लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत काय झालं? फ्रान्समध्ये कायद्यानं ही चाचणी करता येत नाही, म्हणून नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत. अहवाल मुदतीत आले नाहीत आणि पाच फ्रेंच मुली एकही ठोसा न मारता बाहेर. त्यांतली ट्रान्स एकही नाही.

ठोसेबाज

कुरिअर उशिरा आलं म्हणून निकष चुकीचा ठरत नाही.

पंचनामा

निकष राबवता येत नसेल तर तो कागदावरच बरा. बरं, जन्मदाखला लावा. टेक्सासनं लावला. मॅक बेग्ज, शाळेतला कुस्तीगीर, ट्रान्स मुलगा (जन्मनोंद मुलगी), डॉक्टरांच्या सल्ल्यानं टेस्टोस्टेरॉन घेणारा. त्याला मुलांत खेळायचं होतं, नियमानं मुलींत ढकललं. 2017 आणि 2018, दोन्ही वर्षं राज्याचं विजेतेपद, 110 पौंडांत. हरलेल्या मुलींचं संरक्षण कुणी केलं?

ठोसेबाज

बेग्जवर मान्य. घ्या, लिहून देतो: टेक्सासचा नियम गाढवपणाचा होता. अंगात टेस्टोस्टेरॉन असलेल्यानं पुरुषांत खेळावं, ट्रान्स पुरुष बॉक्सर पॅट्रिसियो मॅन्युएल खेळला तसं. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंडिओला चार फेऱ्यांची लढत गुणांवर जिंकलाही. आणि एसआरवायच्या 'आहे' वर थेट बाद न करता पुढं तज्ज्ञांकडं पाठवावं, तेही मान्य. पण मूळ मुद्दा तसाच. वयात येताना वाढलेलं हाड कोणतीही गोळी परत नेत नाही, आणि हा खेळ समोरच्याचं डोकं फोडायचा आहे, धावायचा नाही. फॉक्सवर मी हलणार नाही.

सावळागोंधळ

हललात तेवढं पुष्कळ. मीही देतो थोडं: ठोशांच्या खेळात, ट्रान्स बॉक्सरांवरच मोजमाप होईपर्यंत, थांबा म्हणणं मला समजतं. कायमचं 'नाही' समजत नाही. आणि मोजायचं कसं, जर एकीलाही उतरू देणार नसाल तर?

ठोसेबाज

सरावात मोजा, ठोसापिशवीवर मोजा, दाबमापक लावा. समोर जिवंत मुलगी उभी करून कशाला मोजायचं? बाकी तुम्ही जिंकलात असं समजा आणि पेढे वाटा.

सावळागोंधळ

पेढे नकोत, वजनकाटा लगेच काट्यावर उभं करतील.

वजनकाटा

हसा. पण सकाळी लघवीची घनता मोजा आणि सुकलेलीला उतरू देऊ नका, एवढा एक नियम सगळ्या खेळांत लावायला कुणाची हरकत आहे, ते अजून कुणी सांगितलं नाही.