मूत्रवाहिनी मेंदूच्या हुकमाची वाट पाहत नाही

काही जण म्हणतात की लघवी मूत्रपिंडातून मूत्राशयात मूत्रवाहिनी या नळीतून आपसूक वजनाने उतरते आणि नळीचं आकुंचन मेंदू ठरवतो. वजनाचा मुद्दा आडवं झोपल्यावरच निकालात निघतो. मेंदूचा मुद्दाही पटत नाही. मूत्रपिंडाच्या आतल्या भागातच, लघवी गोळा होते तिथे, काही पेशी स्वतःहून विद्युत स्पंदन सुरू करतात. ते एका स्नायुपेशीतून शेजारच्या पेशीत सरकतं, पेशींत कॅल्शियम शिरतं, आणि आकुंचनाची लाट सेकंदाला साधारण २-३ सेंटीमीटर वेगाने खाली जाते. मज्जातंतू फार तर तिचा जोर कमी-जास्त करतात. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८६९ मध्येच हे स्नायूचं स्वतःचं काम असल्याचं मांडलं होतं.

आमच्या घरी याचा पुरावाच आहे. बडोद्याला माझ्या धाकट्या भावाला आईचं मूत्रपिंड बसवलं. प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या जोडतात, मज्जातंतू तुटतात ते कुणी जोडत नाही. तरी नंतरच्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला: मूत्राशयात थांबून थांबून लघवीचा फवारा उडत होता, पडद्यावर तो रंगीत दिसत होता; म्हणजे मज्जातंतूंशिवायही नळी लाटेलाटेने लघवी ढकलत होती. आई दांडिया बाजारातल्या घरी येईपर्यंत त्याबद्दलच बोलत होती.