चाऱ्याच्या मक्यात लष्करी अळी, फवारू का नको?

मुरबाडकर: मंडळी, आमच्या अर्ध्या एकरात म्हशींसाठी मका लावलाय, २२ दिवसांचा झालाय, पानांना लांबट भोकं पडलीत आणि पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) ओल्या भुशासारखी घाण. दुकानदार म्हणतो इमामेक्टिन हे रासायनिक कीटकनाशक मार, पण महिनाभरात हाच चारा गोठ्यात जाणार, म्हणून हात धजत नाही.

शहापूरचा शेतकरी: पोंगा उकलून अळी बघ दादा. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतील तर तीच, अमेरिकेतून आलेली. आपल्याकडे २०१८ ला आधी कर्नाटकात सापडली. चाऱ्यावर रासायनिक नकोच, दूध घरची पोरंही पितात ना!

बदलापूरची ताई: गेल्या साली आम्ही सासू-सुना रोज सकाळी पानं उलटून अंडीपुंज चिरडायचो, वर केसाळ लव असते त्यामुळे लगेच दिसतात. अळी बारीक असेल तोवर निंबोळी अर्क नाहीतर बीटी (अळी मारणाऱ्या जिवाणूंचं जैविक औषध), तेही संध्याकाळी आणि थेट पोंग्यात, नुसतं वरवर मारून काही होत नाही. मोठ्या झालेल्या हाताने वेचा, कंटाळवाणं आहे पण कोंबड्या खूश.

मुरबाडकर: उलटा वाय दिसला 😑 कामगंध सापळे (मादीच्या वासाने पतंग ओढणारे) लावले तर संपेल का?

शहापूरचा शेतकरी: त्यात फक्त नर पतंग अडकतात रे, पतंग यायला लागलेत एवढं कळतं. एकरी पाच पुरतात. पुढच्या वेळी कडेने नेपियरच्या तीन-चार ओळी लाव, मादी तिकडे अंडी घालते आणि गवत तर म्हशींना लागतंच.