आक्रमक ठरवणार कोण?

'एकदा चावलेला भटका कुत्रा सुधारत नाही, पालिकेने त्याला संपवावं' असं काही जण म्हणतात, ते अजिबात पटत नाही. २००७ साली अमेरिकेत व्हर्जिनियात फुटबॉलपटू मायकल विकच्या जागेवरून झुंजीसाठी पाळलेले पिट बुल जातीचे पन्नासेक कुत्रे जप्त झाले. मोठमोठ्या प्राणिसंस्थासुद्धा म्हणत होत्या, मारून टाका. कोर्टामार्फत मात्र एकेका कुत्र्याची वेगळी तपासणी झाली. अशा तपासणीत काठीला लावलेल्या खोट्या हाताने जेवणाचं भांडं ओढतात, लहान मुलाएवढी बाहुली जवळ नेतात आणि कुत्रा गुरगुरतो, ताठरतो की शेपूट घालतो ते बघतात. आक्रमक म्हणून मारावी लागली ती एकच कुत्री! बाकीची बरीचशी नुसती भेदरलेली होती. सांभाळायचा खर्च, सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर, मायकल विकलाच भरावा लागला.

आपल्याकडे २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने नसबंदी-लसीकरण करून भटकी कुत्री मूळ जागी सोडायला सांगितली; रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळून. पण आक्रमक ठरवणार कोण? नुकतीच व्यालेली कुत्री पिल्लांसाठी अंगावर धावून गेली, तर तिला कायमचं कोंडायचं का? पालिकेने पशुवैद्याबरोबर कुत्र्यांच्या वागण्याची जाण असलेला माणूस नेमावा. पकडल्यावर लगेच शिक्का मारू नये, काही दिवस निवांत ठेवून मगच तपासावं. कुत्रा चावलेल्या माणसाच्या लसीत आणि उपचारात कसर नको, हे तर आहेच. पण एकेका पिंजऱ्यात खच्चून कुत्री भरली तर गरीब कुत्रीही चावायला लागतील.