कॉमिक स्ट्रिपने इंग्रजी शिकवणं: वाचन, की चित्र बघून मारलेला अंदाज?

निळी_शाई
इंग्रजी शिकवणाऱ्या मंडळींमध्ये कॉमिक स्ट्रिपचं भलतंच कौतुक आहे. तीन-चार चौकटी, फुग्यांतले संवाद, शेवटी एक कोपरखळी. वर्ग हसतो, तास मजेत जातो. माझं भांडण मजेशी नाही. चित्रच सगळं सांगून टाकतं आणि इंग्रजी वाचायची गरज उरत नाही, हे माझं दुखणं आहे.

उदाहरणादाखल एक स्ट्रिप रचतो. पहिल्या चौकटीत नवरा-बायको हसत घराबाहेर पडतात, मागे दार धाडकन लागतं. दुसऱ्या चौकटीत ती विचारते, 'यू हॅव द कीज, राइट?' तिसरीत त्याचं तोंड पडलेलं: 'आय थॉट यू हॅड देम.' आणि खिडकीतून आतल्या टेबलावरचा चाव्यांचा जुडगा दिसतोय. आता वर्गाला विचारा, चाव्या कुठे आहेत? झाडून सगळे बरोबर उत्तर देतील, एक अक्षर न वाचता. मग आकलनाचे गुण कशाचे द्यायचे?

शिवाय बहुतेक स्ट्रिपमध्ये सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत. वाक्य कुठे सुरू झालं, विशेषनाम कुठलं, हे ज्याला अजून शिकायचंय त्याच्यापुढे हे ठेवायचं? त्यात 'गॉना', 'लेमी', 'डुनो' असे बोलण्यातले तुटके शब्द आहेतच.

पाटीपेन्सिल
साफ असहमत. चाव्या कुठे आहेत हा प्रश्नच फुसका, त्याचं खापर स्ट्रिपवर का फोडताय?

शेवटचा फुगा झाका आणि विचारा, तो काय म्हणाला असेल? बरेच जण आधी 'आय थिंक यू हॅव देम' लिहितात. मग फक्त त्याच्या चेहऱ्याकडे आणि खिडकीकडे बोट दाखवायचं. चाव्या तिच्याकडे नाहीत हे त्याला आत्ता कळलंय. म्हणजे 'थिंक' चालणार नाही, 'थॉट'च हवं, आणि त्याच्यामागून 'हॅव'चं 'हॅड' झालं. आपला समज खोटा ठरला हे सांगायला इंग्रजी भूतकाळ वापरते, ही गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकात अर्धं पान खाते आणि तरी डोक्यात शिरत नाही.

निळी_शाई
ती तुमच्या शिकवण्याची करामत झाली. हेच मी खिशातून किल्ली काढून, दोन वाक्यं बोलून करीन. त्याला स्ट्रिप कशाला?

पाटीपेन्सिल
करा की. पण खिशातली किल्ली घरी नेऊन पुन्हा वाचता येत नाही.

आकडेमोड
दोघांनीही थोडं अभ्यासाकडे बघा. जुन लिउ यांचा 2004 चा प्रयोग 'टेसॉल क्वार्टर्ली' या इंग्रजी अध्यापनावरच्या संशोधन-नियतकालिकात आहे, इंग्रजी शिकणाऱ्या 107 प्रौढांवर केलेला. कच्चं इंग्रजी असलेल्यांपैकी ज्यांना अवघड उताऱ्याबरोबर कॉमिक स्ट्रिप मिळाली, त्यांना नुसता उतारा मिळालेल्यांपेक्षा बरंच जास्त आठवलं. ज्यांचं इंग्रजी पक्कं होतं त्यांना अवघड उताऱ्यात स्ट्रिपचा तसा फायदा झाला नाही.

दुसरं, हेज आणि आरेन्स या संशोधकांची 1988 ची मोजणी. दर हजार शब्दांमागे कमी वापरातले शब्द: मुलांच्या पुस्तकांत 30.9, पदवीधर प्रौढांच्या गप्पांत 17.3, कॉमिक बुकांत 53.5. कॉमिक म्हणजे बाळबोध भाषा, हा समज इथेच निकालात निघतो.

निळी_शाई
आकडे बरोबर, पण जोडलेत भलत्याच ठिकाणी. मोजणी कॉमिक *बुकां*ची आहे. त्यात पानंच्या पानं कथानक, चौकटीवर निवेदन, नाना प्रकारची पात्रं. तीन चौकटींच्या स्ट्रिपमध्ये वीस-पंचवीस शब्द, तेही 'व्हॉट?' आणि 'नेव्हर माइंड' छापाचे. आंब्याचे गुण सांगून कैरी विकताय.

लिउंचं म्हणाल तर तिथे स्ट्रिप उताऱ्याच्या *जोडीला* होती, उताऱ्याऐवजी नव्हती. आणि मोजलं काय, तर गोष्ट किती आठवली. गोष्ट आठवली ती शब्दांमुळे की चित्रामुळे? माझा मूळ प्रश्न तोच आहे.

आकडेमोड
बुक आणि स्ट्रिप यांतला फरक मान्य. पण कच्च्या विद्यार्थ्याला अवघड उतारा चित्राच्या आधाराने का होईना झेपला, ही फायद्याची गोष्ट नाही का? पहिल्याच ओळीला हात टेकले तर पुढचे शब्द डोळ्यांखालून जाणार तरी कधी?

कंटाळा
आम्ही तक्ते घोकून इंग्रजी शिकलो. काही बिघडलं नाही.

उगाच
@कंटाळा, फोनवर इंग्रजीत बोलायची वेळ आली की घाम फुटतो तो उकाड्याने असेल मग.

रात्रशाळा
मी नोकरी करून शिकणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवते. 'पोरकट वाटेल' ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. साहेब, घरमालक, दवाखान्यातली रांग असे विषय असले की कुणी नाक मुरडत नाही. खरी अडचण विनोदाची. शब्दांच्या कोटीवर उभी असलेली स्ट्रिप वर्गात नेऊच नये. दोन्ही अर्थ फळ्यावर लिहून, उलगडून सांगेपर्यंत हसू मेलेलं असतं, आणि शिकणाऱ्याच्या मनात 'मलाच कळलं नाही' एवढंच उरतं. प्रसंगातून हसू येणारी स्ट्रिप निवडायची. चाव्यांची तशीच आहे.

निळी_शाई म्हणतात ते एक खरं की फुग्यात फक्त बोलणं येतं. 'दरम्यान', 'जरी', 'तोपर्यंत' ही सगळी कामं चित्र आणि चौकटींमधली मोकळी जागा करून टाकतात. नुसत्या स्ट्रिप वाचून कुणाला दोन परिच्छेद लिहिता येणार नाहीत.

पाटीपेन्सिल
@रात्रशाळा, म्हणूनच ती मोकळी जागा भरायला लावायची. चौकटी कापून, पिसून द्या आणि गोष्ट भूतकाळात लिहायला सांगा. 'बाय द टाइम दे नोटिस्ड, द डोअर हॅड शट.' फुग्यातला प्रश्न इनडायरेक्ट स्पीचमध्ये: 'शी आस्क्ड हिम इफ ही हॅड द कीज.' कोण कुणाला म्हणालं हे चित्रात आहेच, त्यामुळे सर्वनामांचा गोंधळ निम्म्याने कमी.

निळी_शाई
म्हणजे तुम्ही लेखन शिकवताय. मग तसं म्हणा: लिहितं करायला स्ट्रिप चांगली, वाचनाचा धडा म्हणून नाही.

पाटीपेन्सिल
नाही म्हणणार. ऐकण्या-बोलण्यातली एक गोष्ट स्ट्रिप देते, ती साध्या उताऱ्यात सहसा सापडत नाही. पुष्कळ कॉमिकमध्ये ज्या शब्दावर जोर, तो ठळक छापतात. 'आय *थॉट* यू हॅड देम' आणि 'आय थॉट *यू* हॅड देम'. पहिल्यात तो स्वतःच गोंधळलाय, दुसऱ्यात बायकोवर ढकलतोय. मोठ्याने वाचायला लावा, वर्गाला फरक लगेच ऐकू येतो. आणि इथे चित्र बघून अंदाज मारता येत नाही, कारण दोन्हीकडे चित्र तेच.

निळी_शाई
ठळक अक्षरांचा मुद्दा जोरदार आहे. पण कॅपिटलचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

रात्रशाळा
मी तोच मजकूर वहीत नेहमीच्या अक्षरांत उतरवून घेते. 'आय' मोठा कुठे, नाव कुठे, अवतरणचिन्हं कुठे, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. अगदी नवख्यांना मात्र मीही स्ट्रिप देत नाही. आधी लहान-मोठी अक्षरं हाताखालून जाऊ देते.

निळी_शाई
मग अगदी नवख्यांपुरते आपण एका बाजूला आहोत.

पाटीपेन्सिल
मी नाही. त्यांना फुगे रिकामे करून देते, बोलायला.