सापांसाठी गोठवलेले उंदीर बाहेरून आणायचे? ‘निर्जंतुक’ म्हणणाऱ्यांना उत्तर

लॅबवाला_धंतोली
काल इथे एका सापपाळकाने लिहिलं की नागपुरात लोक अजून सापापुढे जिवंत उंदीर टाकतात, हा रानटीपणा आहे. युरोप-अमेरिकेत गोठवलेले, निर्जंतुक उंदीर पाकिटात मिळतात, तेव्हा त्यांची आयात मोकळी करा. खाली कौतुकाची रांग लागली होती. त्यातला ‘निर्जंतुक’ हा एक शब्द मला रात्रभर टोचत राहिला.

मी अठरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारा जंतू, फ्रीजरमध्ये मरत नाही. उणे अठराला तो नुसता थांबतो, उंदीर वितळला की पुन्हा वाढायला लागतो. आम्ही लॅबमध्ये कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेले जंतू, गोठवून ठेवतो ते जिवंत राहावं म्हणूनच.

ब्रिटनमध्ये 2015 पासून साल्मोनेलाच्या एंटरिटिडिस या प्रकाराची लागण सुरू झाली. 800 च्या वर माणसं आजारी पडली, त्यात लहान मुलंही. माग काढता काढता तपास सापांना घालायच्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत पोचला. उंदीर येत होते लिथुआनियातून. फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिटनने तिथला माल थांबवला. त्याआधी 2010 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका कंपनीला गोठवलेले उंदीर परत मागवावे लागले होते. 2014 मध्ये पुन्हा अमेरिकेतच 18 राज्यांत 37 रुग्ण. ज्यांच्याकडे माल सतत थंड ठेवणारी कोल्ड चेन आहे, तपासण्या आहेत, त्यांची ही गत झाली.

आता आपलं बघा. गेल्या मे महिन्यात आमच्या लेआउटची डीपी जळाली. बाहेर 45 डिग्री, सकाळी अकरा ते रात्री साडेआठ वीज नाही. फ्रीजरमधलं सगळं पाणी पाणी झालं. त्यात उंदीर असते तर? वीज आल्यावर तेच परत गोठवले असते ना? दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू कोण फेकतो?

साप आफ्रिकेतला, उंदीर युरोपातला, आणि ठेवायचा नागपूरच्या उन्हाळ्यात. मला ही मागणीच पटत नाही.

पायथनपालक
ती पोस्ट माझी. बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, मादी, चार वर्षांची. परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद केली आहे, परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे 28 फेब्रुवारी 2024 चे नियम आल्यावर सहा महिन्यांच्या मुदतीत. हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी वन विभागाच्या नावाने धमकी द्यायला नको.

तुम्ही लॅबमधून बोलता, मी पेटीसमोर बसून बोलतो. पहिल्या वर्षी मी जिवंत उंदीर टाकायचो. सापाला भूक नव्हती, ते मला तेव्हा कळलं नाही. रात्री उंदीर आत ठेवून झोपलो. सकाळी पाहिलं तर उंदराने तिच्या पाठीचा लचका तोडला होता, आतला पांढरा भाग दिसत होता. नागपुरात साप पाहणारा डॉक्टर शोधण्यात माझा दीड दिवस गेला. पहिल्या दवाखान्यात मला दारातूनच परत पाठवलं. तो व्रण आजही आहे. आणि त्या उंदराचे हाल? कोपऱ्यात थरथरत बसलेलं जनावर तुम्ही पाहिलंय का? गोठवलेल्या उंदराला आधी बहुधा कार्बन डायऑक्साइडने मारतात, काही मिनिटांत संपतं.

माझा साप दोन आठवड्यांतून एक उंदीर खातो. वर्षाला पंचवीस-सव्वीस. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग झिपच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात, मग लांब चिमट्याने. हात साबणाने. साल्मोनेला कोंबडीत नाही का? अंड्यात नाही का? रविवारी गोकुळपेठेत चिकनच्या दुकानापुढे उभे राहता तेव्हा कल्चर करून घेता का?

लॅबवाला_धंतोली
कोंबडी आपण शिजवतो. सापाचा उंदीर कोणी शिजवत नाही. इतका फरक तुमच्या लक्षात आला असेल.

मानेवाड्याची_ताई
पायथनपालक दादा, तुमचा चिमटा आणि साबण तुमच्यापाशी. आमच्या घरी धाकट्या दिराने कॉर्न स्नेक आणला. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा फ्रीजर उघडला आणि मटारच्या पिशवीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली उंदराची पाच गुलाबी पिल्लं. पिंकी म्हणतात त्याला. केस न आलेलं, डोळे न उघडलेलं पिल्लू. लव आली की फझी. मी तीन महिन्यांची गरोदर होते.

बोलले तर म्हणे वहिनी मागासलेली आहे, परदेशात सगळे ठेवतात. परदेशातच सांगतात ना की पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरात साप-कासवं ठेवू नका? ते तेवढं कुणी वाचत नाही. वाटी तीच, ओटा तोच, उंदीर वितळवायला घेतलेलं भांडं माझ्या सासूबाई नंतर कढीला घ्यायच्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पोरगी दहा महिन्यांची असताना चार दिवस सलाइनवर होती. कशाने ते डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही, म्हणून मी सापावर ढकलत नाही. पण त्या चार रात्री मी काय विचार करत बसले असेन ते तुम्हीच समजा.

आयात-बियात नंतर. घरातल्या बाईला विचारून फ्रीजर वापरता का, ते आधी सांगा.

पायथनपालक
ताई, एकाच फ्रीजरमध्ये ठेवणं चूक, हे मी मान्य करतो. माझा वेगळा छोटा फ्रीजर आहे. पण सगळ्यांना तुमच्या दिराच्या पंक्तीत बसवू नका.

कायदा_वाचणारा
दोन गोष्टी. प्राणिजन्य खाद्य बाहेरून आणायचं तर 1898 च्या पशुधन आयात कायद्याखाली सॅनिटरी इम्पोर्ट परमिट, म्हणजे रोग येऊ नये म्हणूनचा आयात परवाना लागतो, ‘मोकळी करा’ म्हणून मोकळी होत नाही. दुसरं, जिवंत उंदीर टाकून त्याचे रील बनवणाऱ्यांनी 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 वाचावं. निव्वळ करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून कोंडणं गुन्हा आहे. नागपूरचे असे तीन-चार अकाउंट मला माहीत आहेत.

काटोलचं_वावर
सकायपासून वाचून राह्यलो तुमचं. एक गोष्ट मले समजली नाही. उंदरं बाहेरदेशातून आणाची? या ना भाऊ काटोलले. सोयाबीनचा ढीग लावला का रातभर खडखड. हरभऱ्याचे घाटे खातेत, ठिबकच्या नया कुरतडतेत. मागच्या साली नया बदलण्यातच माहे सहा हजार गेले. आन जे जनावर हे उंदरं फुकटात खाते, त्याले आमच्या गावात काठीनं ठेचतेत. धामण दिसली का म्हणतेत गाईच्या पायाले येटोये घालून दूध पेते. म्या किती सांगतलं, कोणी आयकत नाही. धामण गेली, उंदरं वाढले. उंदराच्या मागं परड आली घरापाशी.

माह्या चुलतभावाले पान लागलं, म्हंजे साप चावला, खळ्यावर. आधी मांत्रिकाकडे नेलं, मग दवाखान्यात. रस्त्यातच गेला. बावीस वर्षाचा होता. तुमी पिंकी अन फझी काय करून राह्यले?

सर्पमित्र_हिंगणा
काटोलचे भाऊ, तुमचं दुःख मी समजतो. परड म्हणजे घोणस, हे शहरातल्यांना सांगून ठेवतो. देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे, बहुतेक तुमच्यासारखी वावरातली. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

पण एक सांगतो, कुणी वावरातले उंदीर पकडून पाळलेल्या सापाला घालू नका. त्यांच्या पोटात ब्रोमाडिओलोन किंवा झिंक फॉस्फाइड हे उंदीर मारायचं विष असू शकतं. असा उंदीर खाणाराही मरू शकतो. मी असं मेलेलं घुबड पाहिलंय. आणि धामण पाळायचा विचारही नको, वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर ती अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे.

काटोलचं_वावर
पाळाले कोण म्हणते? म्या म्हणतो मारू नका. आन तुमचं सर्पमित्रायचंही सांगतो. मागच्या दिवाळीले माह्या कोठ्यात सा फुटाची धामण निंगाली. बायको घाबरली, पोरानं फोन केला. तुमच्यासारखाच एक आला, पिशवीत टाकली, फोटो काढला, गाडीवर टाकून घेऊन गेला. म्या म्हटलं बांधावर सोड बाबा, माह्या कामाची आहे. म्हणे जंगलात सोडतो. कुठं सोडली? ते सांगा मले.

सर्पमित्र_हिंगणा
मी नव्हतो तो. एकाच्या चुकीवरून सगळ्यांना झोडपू नका. रात्री दोनला फोन येतो, पेट्रोल खिशातून घालतो, दोनदा चावा खाल्लाय. आणि जवळच सोडतो म्हटलं तर त्या घरचेच म्हणतात आमच्या घराजवळ सोडू नका. माणसांना समजवायचं की साप पकडायचा?

काटोलचं_वावर
समजवाचंच काम आहे तुमचं. फोटो काढाले टाइम भेटते, समजवाले भेटत नाही?

सर्पमित्र_हिंगणा
तोंड सांभाळून बोला.

मानेवाड्याची_ताई
दोघंही थांबा. भाऊंनी साधा प्रश्न विचारलाय. धामण कुठे सोडायला पाहिजे होती?

सर्पमित्र_हिंगणा
जिथे पकडली तिथून जवळच. दूर नेऊन टाकलेला साप अनोळखी जागी बीळ शोधत फिरतो, गाडीखाली येतो. हे मला माहीत आहे. पहिली तीन वर्षं मीसुद्धा गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूला नेऊन सोडायचो आणि पुण्य केल्यासारखं वाटायचं. त्यातले किती जगले, देव जाणे. आता करत नाही.

लॅबवाला_धंतोली
विषय भरकटला तरी मला हे ऐकून बरं वाटलं. पण पायथनपालक, माझा प्रश्न तिथेच आहे. ‘निर्जंतुक’ शब्द मागे घेता की नाही?

पायथनपालक
घेतो. ‘गोठवलेले’ म्हणायला हवं होतं. झालं समाधान? पण जिवंत टाकण्यापेक्षा गोठवलेला बरा, यावरून मी हलणार नाही. तुम्ही माझ्या सापाची पाठ पाहिलेली नाही.

लॅबवाला_धंतोली
जिवंत टाका असं मी कुठे म्हटलं? इथेच वाढवा, मारून द्या, ताजे द्या. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. पंचवीस उंदरांसाठी लिथुआनिया कशाला लागतो?

पायथनपालक
फ्लॅटमध्ये उंदीर वाढवून बघा. मी वाढवलेत. आठवड्यातून दोनदा भुसा बदलला तरी अमोनियाचा वास जिन्यापर्यंत जातो. सोसायटीने नोटीस दिली. आणि स्वतः वाढवलेला उंदीर स्वतःच्या हाताने मारणं मला जमलं नाही. एकदा केलं, हात थरथरत होते, नीट झालं नाही, त्याचे हाल झाले. त्यानंतर नाही. म्हणून कोणीतरी हे काम परवाना घेऊन, नीट यंत्राने करावं, मग तो इथला असो की बाहेरचा.

लॅबवाला_धंतोली
इथला, परवाना घेऊन, आणि दर खेपेची लॅबमध्ये तपासणी. एवढं असेल तर माझा विरोध नाही. बाहेरच्याला आहेच.

मानेवाड्याची_ताई
आणि फ्रीजर वेगळा.

पायथनपालक
फ्रीजर वेगळा, ताई. चिमटा आणि भांडंही वेगळं, त्यावर लाल टेप लावलीय. दिराला माझा नंबर द्या, मी बोलतो त्याच्याशी.

काटोलचं_वावर
हिंगण्याचे भाऊ, मघाशी तोंड सुटलं माह्यं. भाऊ गेला तवापासून सापाचा विषय निंगाला का डोकं तापते. पण धामणीचं म्हटलं ते म्हटलंच.

सर्पमित्र_हिंगणा
माझंही चुकलं. कोठ्यात परत निघाली तर मला फोन करा. बांधावरच सोडू, तुमच्या घरच्यांसमोर, गावातली पोरं गोळा करून.

काटोलचं_वावर
तूर काढाले लागलो का करतो. तवा निंगतेच एखादी.