लॅपटॉपवर सतत भार टाकायचा असेल तर चिपचं नाव नाही, वॉट बघा

उष्मांक:
ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं सीपीयू रेंडर (मुख्य चिपवर चित्र तयार करणं), व्हिडिओ एन्कोडिंग, मोठा कोड कंपाइल करणं, म्हणजे चिपचे सगळे कोअर (स्वतंत्रपणे हिशेब करणारे भाग) तासन्‌तास राबवणारी कामं. त्यासाठी 'आय७ घेऊ की आय९' हा प्रश्नच चुकीचा. उदाहरणादाखल आय७-१३७००एच ही चिप बघा: इंटेलच्या हिशेबात मूळ मर्यादा ४५ वॉट, टर्बोची (वाढीव वेगाची) ११५. टर्बो थोडा वेळच टिकतो. पुढे किती वॉट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. सडपातळ यंत्रात हीच चिप ३५ वॉटवर येऊन बसू शकते, जाडजूड गेमिंग यंत्रात त्याच्या दुप्पट खाते. तेव्हा सरळ जाड यंत्र घ्या.

मंदगती:
असहमत. दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट काम नव्हे. क्लॉक (चिपचा वेग) वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. शेवटचे वॉट बहुतेक पंख्यांच्या घोंघाटातच जातात. त्यापेक्षा जास्त कोअर घ्या आणि कमी क्लॉकवर चालवा. एएमडीच्या रायझन ९ ७९४५एचएक्स या चिपमध्ये १६ कोअर आहेत.

उष्मांक:
वर्गाचं गणित मान्य. पण ७९४५एचएक्स सडपातळ लॅपटॉपमध्ये मिळतो का? आलात ना जाड यंत्रावरच!

लू_लागली:
दोघंही खोलीचं तापमान विसरलात. चिपची कमाल १०० अंश धरा. खोली २५ अंशांवर असताना उष्णता बाहेर टाकायला ७५ अंशांचा फरक मिळतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात खोली ४० वर गेली की उरतो ६०. तोच हीटसिंक (चिपची उष्णता पसरवणारा धातूचा भाग), तेच पंखे, पण टिकणारे वॉट साधारण पाचव्या हिश्श्याने कमी. एसीतल्या परीक्षणातले आकडे आपल्याकडे उतरत नाहीत ते यामुळे.

परत करायची मुदत संपायच्या आत सिनेबेंच आर२३ ही सीपीयूवर पूर्ण भार टाकणारी चाचणी ३० मिनिटं लावा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजणी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'सीपीयू पॅकेज पॉवर' बघा. पहिल्या मिनिटाचा आकडा सोडून द्या, विसाव्यानंतरचा खरा. तापमान ९५ दिसलं म्हणून घाबरू नका. वॉट खाली-वर उड्या मारत असतील तर मात्र यंत्र परत करा.

मंदगती:
+१. चाचणी मूळ चार्जरवरच घ्या. २३० वॉटचं यंत्र १०० वॉटच्या टाइप-सीवर लावलं तर ते स्वतःच हात आखडतं. आणि मॅकबुक एअर या यादीत नकोच, त्याला पंखाच नाही.

पेस्टवाला:
वर्षभराने वॉट घसरले तर आधी जाळीतली धूळ काढा, मग चिप आणि हीटसिंकमधली उष्णतावाहक पेस्ट बघा. लॅपटॉपच्या उघड्या डायवर (चिपच्या सिलिकॉनच्या तुकड्यावर) साधी पेस्ट तापून-निवून कडेला सरकते. पीटीएम७९५० ही फेज-चेंज (तापली की मऊ होणारी) शीट डायच्या मापाने कापून लावली की हा त्रास बहुतेक थांबतो.

टॉवर:
यंत्र टेबलावरून हलणारच नसेल तर डेस्कटॉपमध्ये रायझन ९ ७९०० बसवा की. १२ कोअर, ६५ वॉट टीडीपी (कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा), वर हवा तेवढा मोठा कूलर.

उष्मांक:
धागा लॅपटॉपचा आहे हो! वीज गेली की टॉवरचं रेंडर यूपीएसवर किती वेळ चालतं, तेही लिहा.